शेळ्यांनी टाकलेला अडुळसा

आमच्या कुंपणाशी शेळ्यांच्या तोंडातून सुटलेलं एकच झुडूप उभं होतं – अडुळसा. बाकी सारी हिरवाई कमरेइतक्या उंचीपर्यंत ओरबाडलेली, आणि हा मात्र पांढरी फुलं मिरवत, गडद पानांनी भरलेला, धुळीतही तजेलदार... गवती चहासुद्धा मायनं शेळ्यांच्या धाकानं उंच कट्ट्यावर, फुटक्या रांजणात लावला होता. थंडीच्या सकाळी त्याचं पातं बोटांत चुरलं की सारं अंगण दरवळायचं.

बाळापूरच्या रानात शेळ्या वळताना अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एक नियम शिकवला होता, "शेळी ज्याला तोंड लावत न्हाई, त्याला तूबी लावू नको." मी तो पक्का धरला. होतेच मी तशी. एकदा डोक्यात शिरलं की ब्रह्मदेव आला तरी निघायचं नाही.

त्या हिवाळ्यात अप्पांना खोकला लागला. कफानं आवाज बसला, आणि आवाज बसला म्हणजे आमचा सारा कारभारच बसला. कारण शेळ्या ओळखायच्या ती त्यांचीच हाक, माझ्या हाकेला तर नुसती मान वर करून पुन्हा बाभळीच्या शेंगांत तोंड घालायच्या. एका संध्याकाळी दोन करडं रानातच राहिली, तेव्हा माय घाबरली. कापूस वेचायला जाताना मला बजावून गेली, "अडुळशाची पानं, आलं, गूळ टाकून पाणी निम्मं होईस्तोवर आटव आन् अप्पाला दोन टाइम दे. इसरू नको."

अडुळसा! आमची सगळ्यात खादाड शेळीसुद्धा ज्याला हुंगून पुढे जायची, तो! मायला कुणीतरी फसवलंय, अशी माझी खात्रीच झाली. मायनं तोडून ठेवलेली पानं मी उकिरड्यावर फेकली आणि त्यांच्याऐवजी गवती चहा उकळला... असे चार दिवस. अप्पा वाटी तोंडाला लावायचे, माझ्याकडे बघायचे आणि "झकास!" म्हणून संपवायचे. बापाला वाचवल्याच्या तोऱ्यात मी होते. खोकला मात्र वाढतच गेला. पाचव्या दिवशी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा रडत रडत मी सगळं कबूल केलं.

"काहून केलंस गं असं?" माय अंगावर धावून आली. अप्पांनी तिला हातानं थांबवलं, कुंपणाशी जाऊन अडुळशाचं पान तोडलं, कचाकचा चावलं आणि तोंड वेडंवाकडं करत कुजबुजले, "बघ, मेलो का? मला पहिल्याच घोटाला कळलं व्हतं. पर तू एवढ्या मायेनं समोर बसून राहिलीस... कसं सांगू?"

मग मात्र मी स्वतः काढा केला, खरा, कडूजहर. हळूहळू छाती मोकळी झाली, रानात पुन्हा हाक घुमली आणि शेळ्या धावत आल्या. अडुळसा कफ सुटायला बरा, गवती चहानं घाम येऊन अंग हलकं होतं – हे मी आजही छातीठोकपणे सांगते; रंगीत डब्यातला हर्बल टी मला कुणी शिकवू नये. तेव्हापासून आमच्या घरी आधी कडू काढा आणि त्यावर घोटभर गवती चहा, अशी रीतच पडली.

आता शेळ्या नाहीत. अप्पाही नाहीत. त्यांनी अंथरूण धरलं तेव्हा मी रोज काढा घेऊन जायची. शेवटी एका सकाळी त्यांनी मान हलवली.

"आता कडू नको, बाई. तुझा चहा दे."

मला कळायचं ते कळलं. गवती चहा उकळला, गूळ थोडा जास्तच टाकला आणि लहानपणासारखी समोर बसून राहिले. त्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं.

"झकास," म्हणाले.