कुलसुमआपाचा रिकामा चौकोन

कुलसुमआपाच्या हातात काहीही द्या, ती आधी ते उलटं करून बघायची. आम्ही महाडात नव्याने राहायला आलो, तेव्हा दिवाळीत मी शेजारधर्म म्हणून तिच्याकडे फराळाचा डबा नेला. तिने चकल्या परातीत ओतल्या आणि मला बस म्हणायच्या आधी रिकामा डबा उलटा करून खिडकीपाशी नेला. मला वाटलं, डबा नीट घासलेला नाही की काय. तर म्हणते कशी, "याची कड आत दुमडलेली हाय, बोट कापत नाय. कुणीतरी इचार केलाय गो." मग चकली खाल्ली. चकलीबद्दल एक अक्षर नाही.

"वस्तूचं तोंड सगळेच बघतात," ती सांगायची, "बूड बघावं. बनवणाऱ्याला कुठं कंटाळा आला ते तिथं कळतं."

तिचे यजमान कुवेतला नोकरीला होते. सुट्टीवर येताना ते ट्रंक भरून सामान आणायचे. बाकीच्या बायका अशा ट्रंकेत अत्तर आणि कापड शोधायच्या. आपा शोधायची एखादा पाण्याचा जग, ज्याच्या चोचीवरून शेवटचा थेंब खाली न ओघळता परत आत जातो. तो थेंब तिने मला किती वेळा दाखवला असेल. पण परदेशी तेवढं चांगलं, असं तिचं नव्हतं. आपली दुमडती विळी तिला फार आवडायची, कारण काम झालं की पातं आडवं पडतं आणि रांगत्या मुलाच्या आड येत नाही. एकदा पोलादपूरच्या बाजारात पावसात पानांचं इरलं पांघरून चाललेला एक म्हातारा दिसला, तर ही रस्त्यातच थांबली. म्हणाली, "बघ सुमन, याचे दोन्ही हात मोकळे. छत्रीवाल्याला एक हात पावसाला द्यावा लागतो."

गल्लीत कुणी नवीन काही आणलं की ते आधी आपापुढे जायचं. तिचे निकाल दोनच. एक, "हे हाताला इचारून बनवलंय." दुसरा, "हे दुकानाला इचारून बनवलंय." माझ्या मिक्सरला दुसरा निकाल मिळाला. मी दोन दिवस रुसले होते, पण त्याचं बटण भिंतीकडे होतं हे खरंच.

चित्रांचंही तसंच वेड. बिस्किटाचे पुडे, उदबत्तीची खोकी, काड्यापेट्या, चहाचे परदेशी डबे, यांवरची चित्रं कापून तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. साड्या काढायला दार उघडलं की आधी ते प्रदर्शन. स्वतःही काढायची. तिच्या सासूबाईंना, आम्ही त्यांना दादी म्हणायचो, वाचता येत नव्हतं आणि नजरही कमी झालेली. म्हणून आपाने फडताळातल्या एकेका बरणीवर ठळक चित्र रंगवलं होतं. मोजक्याच रेघा, पण लांबून ओळखू यायचं. दादी टोमणा मारायच्या, "बरणीवरची मिरची कशी झणझणीत दिसते. तुझ्या कालवणातली कुठं जाते गो?"

दादींना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. सकाळची एक, रात्रीची एक, आणि दादी दोन्हींची सरमिसळ करायच्या. आपाने दोन डब्या केल्या. एकीवर पिवळाधमक सूर्य, एकीवर चंद्र. झाकणाला असं भोक पाडलं की डबी कलंडली की एकच गोळी तळहातावर पडावी. ते भोक जमेपर्यंत तिने किती झाकणं वाया घालवली! गल्लीतल्या म्हाताऱ्या ती डबी बघायला येऊन गेल्या. आपा खूश होती. "आता दिवसातून दहादा 'गोळी घेतली का, गोळी घेतली का' इचारायला नको," ती म्हणाली. "त्यांना पण राग यायचा, मला पण."

आणि मग रमजान आला. आजारी माणसाला रोजा माफ असतो, हे दादींना घरातल्या सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. पहाटे अंधारात सहेरीला उठायच्या, चार घास खायच्या, रोजा धरायच्या. संध्याकाळी सोडायच्या. रात्री चंद्राची डबी कलंडवायच्या. सूर्याच्या डबीला मात्र त्यांनी हात लावला नाही. सहेरीला सूर्य उगवलेला नसे, आणि तो उगवला की तोंडात काही घालायचं नसे. चित्र सांगत होतं तसंच त्या वागल्या. विचारलं कुणी नाही, कारण विचारायला लागू नये म्हणूनच तर डबी केली होती.

ईद जवळ आली आणि दादींची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. दवाखान्यातून परत आल्यावर आपाने सूर्याची डबी उचलली, तर हाताला जड लागली. माझ्यासमोर तिने ती जमिनीवर ओतली. गोळ्या सगळीकडे घरंगळल्या. मी गोळा करायला वाकले, तर म्हणाली, "राहू दे." मग रिकामी डबी उलटी करून बघत म्हणाली, "हाताला इचारलं मी. म्हातारीला नाय इचारलं."

मी पुष्कळ समजावलं. डॉक्टरही म्हणाले, वय झालेलं, एकट्या गोळीवर काही नसतं. पण तिने सुरी घेऊन सगळ्या बरण्यांवरची चित्रं खरवडून काढली. कपाटाच्या दारावरचीही. त्या घरात कितीतरी दिवस मिठाच्या जागी साखर पडत होती.

दादींचे हाल बघवत नसत. काही हवं असलं की डाव्या हाताने खाटेवर थापट्या मारायच्या. आम्ही पाणी द्यायचो, कूस बदलायचो, पंखा लावायचो. ते नको असलं की डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, "आपा, चित्रं काढ की. बोट दाखवतील." ती म्हणाली, "माझ्या चित्रानं काय केलं ते समोर पडलंय ना गो."

एके दिवशी आपा पेज भरवत होती आणि दादी घास घेईनात. डावा हात सारखा फडताळाकडे. आपाने एकेका बरणीवर हात ठेवून पाहिला. एका खरवडलेल्या बरणीशी आल्यावर दादींनी मान हलवली. ती मिरचीची. पेज सपक लागत होती त्यांना. आपा हसली, आणि हसता हसता पदर तोंडाशी धरून रडायला लागली.

त्याच दुपारी तिने बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि त्यावर चौकोन आखले. या खेपेला प्रत्येक चित्र दादींसमोर बसून काढलं. पाण्यासाठी पेला काढला, तर दादींनी मान फिरवली. पेला खोडून तांब्या काढला, तेव्हा पसंत. कूस, पांघरूण, चहा, मोरी, मुलाचा फोन, सगळं असं विचारून विचारून. शेवटी एक चौकोन उरला आणि दादी त्यावरच बोट आपटायला लागल्या. आपाने कुवेतचं विमान काढलं, खोडलं. दासगावचं त्यांचं माहेर काढलं, नदीसकट. नमाज पढायची जानमाज, आंबा, नवऱ्याची टोपी. सगळ्याला नाही. असे कितीतरी दिवस. दादी गेल्या तेव्हा तो चौकोन खोडून खोडून नुसता काळपट झालेला होता.

त्यानंतर कुठे कुणाला लकवा झाला की लोक आपाकडे पुठ्ठा मागायला येऊ लागले. ती तयार पुठ्ठा कधीच देत नसे. एसटीने, रिक्षाने, शेवटी चढण चढून त्या घरी जायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायची, मग काढायची. तळियेच्या बाजूला एकदा मीही तिच्याबरोबर गेले होते. दिवसभरात तिथे चारच चित्रं झाली. आणि प्रत्येक पुठ्ठ्यावर एक चौकोन ती कोरा ठेवायची. कुणी म्हटलं, "आपा, हा राहिला," तर म्हणायची, "राहू दे. तो माझा नाय, खाटेवरच्या माणसाचा हाय. तुम्ही इचारत राहा."

गेल्या हिवाळ्यात आपा गेली. दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठली नाही. तिचा मुलगा मुंब्र्याहून आला, चाळिसावं झाल्यावर घराला कुलूप लावून गेला.

परवा एक माणूस तिच्या ओट्यावर उभा दिसला. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला, पायात चिखलाने माखलेल्या चपला, पिशवीत आपाचा पुठ्ठा. आई वारली, म्हणून परत करायला आला होता.

"आपा नाय का काकी?"

मी सांगितलं. तो तिथेच पायरीवर बसला. मी पाणी दिलं, ते त्याने हातातच धरून ठेवलं.

"आयेला काय पायजे व्हतं ते गावलं आमाला," तो म्हणाला. "लय दिवस नाय कळलं, वारा लागंल म्हणून आमी समदं लावून घ्यायचो. मंग गावलं. मी सोता काढलंय कोळशानं, वाकडंतिकडं. आपाला दाखवायचं व्हतं." पिशवीचं तोंड त्याने मुठीत घट्ट धरलं होतं. "आता कुणाला दाखवू?"

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"मला दाखव," म्हटलं.

त्याने पुठ्ठा बाहेर काढला. चौकोनात एक दार होतं, सताड उघडं.