पौषातला स्लॅब

सुनेच्या डोक्यावर कापसाचं गाठोडं होतं. त्या गाठोड्यावर वरून वाळू पडायला लागली. बारीक, चाळणीतून पडावी तशी. मी दारात होते. आमचे मालक, सुनेचे सासरे, खोलीच्या मधोमध घण घेऊन उभे, पायाशी नुकताच पाडलेला टेकू. वर नव्या स्लॅबला पोट आलं होतं. सकाळी ते नव्हतं.

सेंट्रिंगवाला पिंपळनेरकडचा. त्याने बजावून ठेवलं होतं, "आबा, आजून कच्चं शे. थंडीमा लवकर धरत नही. मी येसू तवयच टेकू काढू."

मालक स्लॅबवर चढले, टाच आपटून बघितली. "दगड व्हई गया. भाऊना घरना टेकू लवकर काढात, काय व्हयनं?"

"तो वैशाख व्हता, आबा. आते पौष शे. वरथीन कडक लागस, मधमा दम नही."

"सिमिटले बी थंडी वाजस का? मंग गोधडी पांघराडी दे तिले."

तेव्हा मीही हसले होते.

नंतर आभाळ भरून आलं. भाव वाढेल म्हणून ठेवलेला कापूस अंगणात होता आणि नवी खोली टेकूंनी भरलेली. सगळा कापूस भिजेल म्हणून मालकांनी घण उचलला. कडेचे टेकू सहज निघाले, काही झालं नाही. त्यामुळे त्यांना जोर आला. जागा होईल तशी सून गाठोडी आत आणत होती. वर स्लॅबवर, तो पक्का व्हावा म्हणून, मातीची आळी करून पाणी भरलेलं होतं. ते वजन कोणाच्या ध्यानात नव्हतं. मग त्यांनी मधला टेकू पाडला.

वाळू पडताना बघून मला ओरडावंसं वाटलं. पण आवाजानेही स्लॅब खाली येईल असं वाटत होतं. मालकांनी पडलेला टेकू उचलला, पुन्हा पोटाखाली उभा केला आणि ठोकून घट्ट करायला घण उगारला.

"ठोकू नका," मी हळूच म्हणाले. "धक्का लागी."

त्यांनी घण खाली ठेवला. दोन्ही हातांनी टेकू धरला. टेकू कुरकुरत होता. सून जागची हलत नव्हती, गाठोडंही सोडत नव्हती.

"टाक ते," ते तिला म्हणाले. "भिंत धरी निंघ, बाई."

तिने गाठोडं टाकलं आणि भिंतीला पाठ लावून सरकत दाराकडे आली. हाताशी आली तशी मी दंड धरून तिला बाहेर ओढलं. मग मी मालकांकडे बघितलं. त्यांना टेकू सोडायचा होता, पण हात सुटत नव्हते. सोडला की वरचं येणार हे त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. त्यांनी एक पाय मागे घेतला.

आवाज फार मोठा नव्हता. धुरळा मात्र अंगणातल्या कापसावर बसला. पाऊस आलाच नाही.

गावात म्हणतात, सासऱ्याने सुनेसाठी जीव दिला. मी तसं म्हणत नाही. त्यांनीच पाडलेला टेकू ते धरून उभे होते.

आत दोघं होती. सून जगली.