माळ्यावरचं धान

भिंत भिजू लागली, की डोळ्यांच्या आधी ते नाकाला कळतं. शेण, तणस आणि थरांवर थर चढलेला पांढऱ्या मातीचा पोतारा यांचा गार, आंबूस वास खोलीच्या तळाकडून उठतो आणि हळूहळू अंगावर येतो. भाद्रपदातल्या त्या दुपारी तो मला आला होता, पण मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही; पुराच्या तयारीत आपण तसूभरही कमी पडलेलो नाही, या समाधानात मी होते.

आमचं गाव तिरोडा तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. मी गावच्याच शाळेत शिकवते, यजमान नोकरीसाठी नागपूरला असतात, आणि मातीच्या त्या घरात मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, अशी दोनच माणसं. त्या पावसाळ्यात शाळेत आपत्तीच्या पूर्वतयारीचं प्रशिक्षण झालं आणि ते माझ्या अंगात संचारलं. कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये गेली, बॅटरी, काडेपेटी, मामाजींच्या गोळ्या यांची थैली खुंटीला लागली, आणि ‘किमती वस्तू उंच जागी ठेवा’ ही सूचना शिरोधार्य मानून, मामाजी लेकीकडे आमगावला गेलेले असताना, मी शेजारच्या योगराजभाऊंना हाताशी धरून वर्षभराच्या खायच्या धानाचे चौदा कट्टे, म्हणजे भरलेली पोती, माळ्यावर चढवून घेतले. घाम पुसत ते म्हणाले, “मामाले इचारून घेतलं असतं त बरं होतं जी.” पाणी काही विचारून येत नाही, असं मी त्यांना मास्तरणीच्या आवाजात ऐकवलं. या उत्तरावर मी दिवसभर खूश होते, हे आज लिहितानाही लाज वाटते.

मामाजी परतले त्याच दिवशी दुपारी नदीवरच्या धरणाची दारं उघडली. वर आभाळ निरभ्र, कोवळ्या धानावर पिवळंधमक ऊन, आणि त्या उन्हातच नदी आवाज न करता बांध्यांमध्ये, धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यांमध्ये, शिरत होती. पाऊस कोसळत असता तर भीतीला काही आधार तरी मिळाला असता. त्या प्रसन्न उजेडात धानाचे शेंडे एकेक करून बुडताना पाहणं फार भयंकर होतं. बघता बघता पाणी अंगणात आलं, उंबरा ओलांडून खोलीत आलं आणि भिंतींच्या पायाशी शांतपणे थांबलं.

मामाजींची ऐंशी उलटलेली, गुडघे गेलेले, नजर अधू. ते काठी टेकत, कट्टे असायचे त्या कोपऱ्याशी गेले आणि हाताने चाचपू लागले.

“धान कुठी गेला वो, बाई?”

मी अभिमानाने वर बोट दाखवलं. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला, आणि बोटं अर्ध्या पेरापर्यंत आत रुतलेली मला दिसली.

“भिंत पायात भिजून राहिली, अन् तू तिच्या डोक्यावर वजन ठेवलीस? काऊन, बाई?”

त्यांचा आवाज चढला नव्हता. मातीच्या घरात पाणी शिरायची चिन्हं दिसली की माळा रिकामा करतात, हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक असतं. सिमेंटच्या घरात वाढलेल्या मला ते माहीत नव्हतं, आणि विचारायचं मला सुचलं नव्हतं.

चूक लगेच निस्तरायची म्हणून मी शिडी चढले. एक कट्टा ओढला, तसं लाकूड करकरलं आणि मातीची भुकटी माझ्या केसांत पडली. खाली पाहिलं तर मामाजी पाण्यात उभे राहून दोन्ही हातांनी शिडी धरून होते.

“उतर. आता हात नोको लावू.”

“तुम्ही आधी बाहेर व्हा, मामाजी.”

“तू उतरल्याबिगर मी नाई जात.”

त्यांचा हट्ट मला माहीत होता. आधी कोण, या वादात किती वेळ गेला कोण जाणे. मला तो दिवसाएवढा लांब वाटला. भिंतीचा एक पोपडा सुटून पाण्यात विरघळला, आणि मी उतरले. आमचा आरडाओरडा ऐकून आलेल्या योगराजभाऊंनी मामाजींना पाठुंगळी घेतलं. कमरेएवढ्या पाण्यातून आम्ही शाळेकडे निघालो. शाळेच्या पायऱ्या चढत असताना मागून एक जड, दबका आवाज आला. कोणाचं घर, हे कुणी विचारलं नाही.

पाणी ओसरल्यावर पाहिलं, तर मामाजींची खाट फुटलेल्या कट्ट्यांखाली पार चेपली होती आणि भिजलेल्या धानाला बारीक पांढरे मोड आले होते. पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याने मान हलवत विचारलं, एवढं वजन वर चढवलं कुणी? मी तोंड उघडणार, तोच मामाजी म्हणाले, “मीच सांगतलो जी. म्हाताऱ्याची अक्कल.” योगराजभाऊ जमिनीकडे पाहत राहिले. तलाठी हसला. आणि मुलांना खरं बोलायला शिकवणारी मी, तिथे उभी असूनही काही बोलले नाही.

आता घर विटांचं आहे. कुणाचं घर मातीचं, कुणाचं पक्कं, हे विचारल्याशिवाय पुराच्या तयारीचा धडा मी शिकवत नाही. यजमान सुट्टीत येतात तेव्हा जेवताना वडिलांना चिडवतात, “बाबा, तुमच्या हट्टापायी घर गेलं,” आणि मामाजी बोळक्या तोंडाने हसून म्हणतात, “हव, बाबू, चुकलंच माझं.” माझ्याकडे ते चुकूनही पाहत नाहीत. आज सांगून टाकू, असं मी दर वेळी ठरवते. मग त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढते.