तीन चिठ्ठ्यांचा नियम

विद्यापीठाच्या ग्रंथालयात सगळे त्यांना माघारी ज्योतिषीबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई. नियतकालिकांच्या दालनात त्यांनी चोवीस वर्षं काढली आणि शेजारच्या खोलीत मी पुस्तकं बांधण्यात बावीस, म्हणून त्यांच्याबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे.

वाचकाला हवं ते मिळालं नाही की त्यानं चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. वर्षाअखेर बाई त्या विषयवार लावत आणि ग्रंथालयशास्त्रात पुढे कशावर संशोधन होणार याची यादी काढत. एका विषयाच्या तीन चिठ्ठ्या आल्या तर तो यादीत. कमी असल्या तर रद्दीत. रद्दी माझ्याकडे येई, कारण पुस्तकाच्या पाठीला आतून अस्तर लावायला तो कागद बरा पडतो. यादीतल्या विषयांवरची नियतकालिकं मागवली जात, आणि दहापैकी आठ विषय हमखास खरे ठरत. लोक कार्डांच्या खणात बोटं घालत होते, तेव्हाच बाईंनी संगणकाचं सांगून ठेवलं होतं.

निवृत्तीला दोन महिने उरले आणि नवे संचालक म्हणाले, "पुढच्या दहा वर्षांची यादी द्या. पण आधारासकट."

झालं. बाईंच्या पायाला भिंगरी लागली. जुन्या याद्या काढ, जुने प्रबंध काढ, ताडून बघ, उठ, पुन्हा बस. दर दहा मिनिटांनी माझ्या दारात. माझी चिकटवायची खळ वाळत होती आणि मला त्यांचा चक्क राग येत होता.

चौथ्या दिवशी त्या आत येऊन उभ्याच राहिल्या. "दादा, माझ्या खऱ्या ठरलेल्या विषयांचे सगळे प्रबंध पाहिले. प्रत्येकाच्या संदर्भयादीत मी मागवलेलीच नियतकालिकं आहेत."

"मग चांगलंच की."

"चांगलं कसलं? संशोधन करणारी मुलं दालनात येतात, समोर मांडलेलं असतं त्यातूनच विषय घेतात. मांडते कोण? मीच. मग मी ओळखलं काय?"

एवढं मनाला लावून घेऊ नका, असं काहीतरी पुटपुटलो. त्या ऐकायला थांबल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक निखळलेला खंड दुरुस्तीला आला. पाठ उसवली तर अस्तरातून चिठ्ठी निघाली. 'ऐकू न येणारे वाचक ग्रंथालयात माहिती कशी मागतात, यावर काही आहे का?' खाली बाईंचा लाल शेरा: एकच. मागणी नाही. वरचं अक्षर मी झोपेतही ओळखलं असतं. बाईंची लेक सहा वर्षांपूर्वी इथेच ग्रंथालयशास्त्र शिकत होती. डबा माझ्या टेबलावर खायची आणि माझ्या खंडांवरची नावं लिहून द्यायची. चिठ्ठीवर पुन्हा खळ फासून टाकावी असं मनात आलं. अस्तर मीच लावलं होतं ना. पण नेऊन दिली.

बाईंनी ती तीनदा वाचली. "मी अक्षर न बघताच शेरा मारला असणार. आणि घरी विचारलं तेव्हाही म्हटलं, या विषयाला पुढे काही नाही. तिनं शिकणंच सोडलं."

लेक आता चपलांच्या दुकानात कामाला आहे. बाईंनी माझ्याच खोलीतून तिला फोन लावला.

"त्या तुझ्या विषयावर आपल्याकडे अजून कुणीच काही केलेलं नाहीये... हो, पाहिलं मी... नाही गं, माझं बरोबर नव्हतं. मी काही मागवलंच नव्हतं." मग त्यांनी फोन कानापासून काढला.

"काय म्हणाली?"

"गिऱ्हाईक आहे म्हणाली. ठेवला."

दुपारी मी दुरुस्त खंड पोचवायला गेलो, तेव्हा बाई संचालकांसमोर बसल्या होत्या. दहा वर्षांच्या यादीत एकच विषय होता. संचालकांनी कागद उलटून पाठीमागेही पाहिलं.

"याला आधार?"

बाईंनी खळीनं कडक झालेली चिठ्ठी पुढे केली.

"एकच?"

"एकच. लिहिणारीला मीच उठवून लावलं, दुसरी कुठून येणार?"

संचालक चिठ्ठी फाइलला लावू लागले. बाईंनी हात पुढे केला.

"ती लावू नका. तिची तिला परत द्यायची आहे."