वर कुणाचा माणूस?

महायुद्ध चालू असताना माझी बदली अमळनेरच्या लष्करी डेपोत झाली. मी महिला दलात कॉर्पोरल, काम टेलिफोन बोर्डाचं. डेपोपासून स्टेशनापर्यंत फोनची तार ओढायची होती. खांब गिरणीचे, त्यांवर गिरणीची वीज. तार ओढणारे तारखात्याचे, म्हणजे तारवाले. फोन आमच्या लष्कराच्या सिग्नल्स तुकडीचे. तिन्हीकडे तज्ज्ञ होते, आणि प्रत्येकाला उरलेले दोघे गाढव वाटत. या एका बाबतीत तिघेही बरोबर होते.

रोज सकाळी मीटिंग. चहा, पान, नकाशा. मी सुचवलं, खांबावर कुणी नाही असं माझ्या बोर्डावरून कळल्याशिवाय वीज चालू करायची नाही.

गिरणीचे इंजिनिअर हसले. "बाई, गिरणीची वीज आता तुमच्या परवानगीनं?"

तारवाल्यांचे ओव्हरसियर म्हणाले, "आमचा माणूस आमच्या हुकमानं चढेल, आमच्याच हुकमानं उतरेल."

आमच्या कॅप्टनसाहेबांना कटकट नको होती. "कॉर्पोरल, ड्रॉप इट."

ठरलं ते असं: ज्याचा माणूस वर, त्यानं खांबाखाली आपला झेंडा रोवायचा. तीन खाती, तीन रंग. याला ते सहकार्य म्हणत.

तारवाल्यांचा लाइनमन सुपडू झेंडे बघून मला म्हणाला, "अक्का, बठ्ठा सायेब शेतस, पन बटन कोना हातमा शे?"

"सगळेच साहेब, पण बटन कुणाच्या हातात, तेच विचारून थकले, भाऊ."

पिवळा झेंडा रोवून तो हसत खांबावर चढला. दुपारी माझा बोर्ड वाजला.

"पॉवर हाऊस. आमचा माणूस उतरला. लाइन चालू केली."

"बंद करा! सुपडू वर आहे!"

"तो आमचा नव्हे."

मग बंद केली. तोवर सुपडू खाली पडला होता. तारवाल्यांचा पिवळा झेंडा तिथंच ताठ उभा होता. गिरणीवाले फक्त आपला लाल बघत.

चौकशी झाली. तारवाले म्हणाले, सुपडू तेव्हा लष्कराच्या कामावर होता. लष्कर म्हणालं, नोकर तारवाल्यांचा. गिरणीनं आपला झेंडा वेळेवर काढला होता. अंग काढून घेताना तिघांचा मेळ उत्तम जमला.

बोरी नदीच्या काठी सुपडूचं सरण रचलं, तेव्हा या साहेबांपैकी एकही आला नाही. मी युनिफॉर्ममध्ये गेले. बाई मसणात आली म्हणून लोक बघत राहिले. मी सॅल्यूट केला. सिव्हिलियनला सॅल्यूट नसतो, असं कॅप्टनसाहेबांनी नंतर समजावलं. मी "यस सर" म्हटलं.

मग मात्र पॉवर हाऊसमधल्या वीज चालू करायच्या हँडलला कुलूप बसलं. किल्ली माझ्याकडे आली. डेपो बंद होईपर्यंत पॉवर हाऊसचा फोन यायचा, "वर कुणाचा माणूस?"

वर कोणत्याही खात्याचा माणूस असो, मी सांगायचे, "सुपडूचा."