शेजारच्या काकांचा पंप

भोपाळला अवधपुरीतल्या आमच्या तळघरात दर पावसाळ्यात पाणी शिरायचं, आणि त्याचा आनंद फक्त शेजारच्या काकांना व्हायचा. हाक मारायच्या आत ते पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, पंप तान्ह्या पोरासारखा कडेवर घेऊन हजर. "सरका, सरका! सूनबाई, चहा टाक!" हे माझ्या बायकोला. मग तांब्याने पंपात पाणी ओतायचं, "पी बाबा पोटभर," म्हणायचं, आणि मगच बटण दाबायचं. पंप घरघरू लागला की काका पायरीवर बसून चहा पीत, उतरणारं पाणी कौतुकाने बघत राहायचे.

यंदा उन्हाळ्यात आम्ही तळघराचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. मग आठवडाभर झड लागली, आणि काका पंपासकट आलेच. फरशी ठणठणीत कोरडी होती.

"अरे वा! बढिया काम झालं," ते म्हणाले. पण पंप काही कडेवरून उतरवेनात. मला ते बघवेना.

"काका, गच्चीवरची टाकी धुवायची आहे. पाणी उपसायला हवं."

त्या टाकीला तळाशी नळ आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. काकांनी पंप कडेवर नीट सावरला आणि ते जिन्याकडे वळले.

"सूनबाई, आज चहा वर पाठव!"