अडीचच्या बांगड्या

लहानपणी माझ्या बांगड्या सारख्या हातातून गळून पडायच्या. विहिरीवर, शाळेच्या ओट्यावर, एकदा तर तुरीच्या ढिगात. हात वर केला की कोपरापर्यंत घसरायच्या आणि खाली केला की बोटांशी येऊन थांबायच्या. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, "हे आपल्या मायच्या बांगड्या घालते." मला भयंकर राग यायचा. राग मला तेव्हाही लवकर यायचा, आजही येतो.

शेलूबाजारापासून दोन कोसांवर आमचं गाव. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट असेल, मी आठ वर्षांची होते, तेव्हा कोपरावर पहिला चट्टा उठला. लाल, आणि वर पांढरा पापुद्रा. मग दुसऱ्या कोपरावर, गुडघ्यांवर, मनगटांवर. हिवाळ्यात वाढायचे, उन्हाळ्यात जरा दबायचे, पण जायचे मात्र नाहीत. गावात ज्याला जे सुचेल ते नाव द्यायचा. तोंडावर खरूज नाहीतर गजकर्ण, पाठीमागे महारोग. कडूनिंबाचा पाला, गंधक, करंजीचं तेल, सगळं लावून झालं. कुणीतरी सांगितलं म्हणून महिनाभर बिनमिठाचं खाल्लं. बिनमिठाचं वरण कसं लागतं ते मला विचारू नका. एवढं करून चट्टे जिथल्या तिथे आणि फुगडी खेळायला माझे हात धरणारं कोणी नाही. मी बाजूला उभी राहून टाळ्या वाजवायची.

म्हणूनच असेल, मला गावात येणाऱ्या सगळ्या माणसांत चुडीवालीचं फार अप्रूप होतं. ती शेलूबाजारची मुसलमान बाई, आम्ही तिला खाला म्हणायचो. सणावाराच्या आधी ती यायची, आमच्या ओसरीवर बसायची आणि पेटी उघडायची. दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा, हिरव्या, लाल, आणि एक मोरपंखी, जी मला आजही कुठे दिसली की मी दुकानात शिरते. गल्लीतल्या बाया जमायच्या. खाला एकेकीचा हात आपल्या मांडीवर घ्यायची, अंगठ्याखालचा सांधा दाबत राहायची, गोष्टी करत राहायची, आणि बांगडी कधी चढली ते त्या बाईलाही कळायचं नाही. मी तो हात बघत बसायची. बांगडीपेक्षा मला ते दाबणं हवं होतं.

माझी पाळी कधी आली नाही. माय आधीच सांगून टाकायची, "हिले अडीचच्या दे. आपल्या हातानं घालते ते."

"अवं, एवढ्याशा पोरीले अडीच कायले? सव्वादोनचा हात आहे तिचा."

"राहू दे. सैलच बऱ्या."

अडीचची बांगडी चढवायला कोणाला हात धरावा लागत नाही. दहा वर्षांच्या पोरीलाही एवढं समजतं. माझ्या मायला माझ्या हाताची लाज वाटते, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. बाकीही सगळं सैलच असायचं. परकराचा नाडा बांधून झाला की माय त्यात दोन बोटं घालून बघायची. पोलक्याच्या बाहीतही दोन बोटं. बोटं मावली नाहीत तर उसवून पुन्हा शिवायची. मी एका हातात पाटी आणि एका हातात परकर धरून शाळेत जायची.

मी चौदा वर्षांची झाले त्या उन्हाळ्यात ताईचं लग्न ठरलं. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आणि स्वभावानं माझ्यापेक्षाही तिखट. आम्ही एकाच खाटेवर झोपायचो. रोज सकाळी ती माझ्या पापुद्र्यांनी भरलेली वाकळ अंगणात नेऊन दणादण झटकायची आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बडबडायची, "आजबी पसाभर सांडलं हिनं." त्या वाकळेच्या आवाजानं मला जाग यायची आणि दिवस तिथेच खराब व्हायचा.

लग्नाच्या दोन दिवस आधी खाला चुडा भरायला आली. ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. वाशीमची आत्या मानाच्या जागी बसली होती. नवरीच्या डाव्या हातात चुडा भरून झाला. तेवढ्यात ताईला कोणीतरी पाणी प्यायला उठवलं, आणि खालानं वर न बघता विचारलं, "चला, कोण येते?"

मी जाऊन बसले. सकाळपासून मी तयारीत होते. मनगटांना खोबरेल चोळून पापुद्रे बसवले होते, बाह्या खाली ओढल्या होत्या. खालानं माझा हात मांडीवर घेतला, बाही सारली आणि थांबली. चट्टा तिच्या अंगठ्याखालीच होता.

"दुखते काय?" तिनं हळूच विचारलं.

तोवर मला सगळ्यांनी एकच विचारलं होतं, "जात काहून नाई?" दुखतं का, हे कोणी विचारलंच नव्हतं. मी मान डोलावली. खाला म्हणाली, "हात ढिला सोड बेटी, मूठ नको वळू," आणि चट्टा चुकवत तिनं सव्वादोनच्या सहा हिरव्या बांगड्या माझ्या एका हातात चढवल्या, सहा दुसऱ्यात. माझ्या आयुष्यात इतकं सुख मला क्वचितच झालं असेल.

मग आत्याचं लक्ष गेलं. ती खालावर ओरडली,

"अवं बाई, त्या हातानं आता नवरीले हात लावशीन तू? फिनेल आणा कोणी!"

पुढे सरकलेल्या बायांनी हात पदराखाली घेतले. खाला पेटीजवळ तशीच बसून राहिली. मी मायकडे पाहिलं. वाटलं, आता तरी ती बोलेल. ती बोलली, पण मला. "काढ त्या बांगड्या. तुह्या अडीचच्या ठेवल्या आहेत ना मी."

सगळ्यांसमोर माझी माय आत्याच्या बाजूची झाली होती.

ताई पाण्याचा गडू तिथेच आपटून आली. माझ्या शेजारी फतकल मारून बसली आणि तिनं आपला उजवा रिकामा हात खालाच्या मांडीवर ठेवला. "भर," ती म्हणाली. मग आत्याकडे वळली, "सहा वर्षं झाले, हिच्यासंगं एका खाटेवर झोपून राह्यली मी. मले काय झालं? दाखवू काय अंग उघडून?"

खालानं चुडा पुरा केला. जरा वेळानं बायांचे हातही एकेक करून पदराबाहेर आले, कारण लग्न दोन दिवसांवर होतं आणि दुसरी चुडीवाली नव्हती.

ताई सासरी गेली. त्यानंतर वाकळ झटकणारं कोणी राहिलं नाही, आणि मला तो आवाज नसल्यानं जाग येईना.

बांगड्या मी काढल्या नाहीत. झोपताना नाही, भांडी घासताना नाही. महिनाभरात मनगटांवर बांगड्यांखाली नवे चट्टे उठले, हाताभोवती गोल, लालबुंद, आणि मग तिथे चिरा पडल्या. तरी मी काढू देईना. शेवटी मायनं साबणाचा फेस करून एकेक ओढून काढली. तीन फुटल्या. मी तिला नाही नाही ते बोलले. "तुलेच लाज वाटते माही," असंही बोलले. तिनं काच वेचली आणि चुलीकडे गेली.

पुढे मी मास्तरीण व्हायला अकोल्याला शिकायला गेले. तिथे एका कातडीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा माझ्या रोगाचं खरं नाव सांगितलं. हा कोणाचा कोणाला लागत नाही, म्हणाले. आणि लिहिता लिहिता सहज म्हणाले, "घट्ट काही वापरू नका. नाडा, बांगडी, घड्याळाचा पट्टा. जिथे कातडी घासते तिथे हा नव्यानं उठतो."

मी दवाखान्याच्या बाकावर किती वेळ बसले कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून घरी आले. माय ओसरीवर ज्वारी निवडत होती. मी पिशवीही खाली ठेवली नाही.

"माय, तुले मालूम होतं?"

"काय?"

"घट्ट बांधलं का उठते मनून."

"नाड्याखाली उठे ना तुह्या," ती सुपातून मान वर न करता म्हणाली. "जसा नाडा, तशी गोल रेघ. मनून सारं सैल केलं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"काय सांगू? मले तरी कुठं समजलं होतं काही?" तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. "आन लाज बी वाटे. खोटं कायले बोलू."

मी तिच्यापुढे बसले आणि रडले, चांगली हंबरडा फोडून रडले. इतकी वर्षं मी तिच्यावर धरलेला राग आता कुठे ठेवू ते मला समजेना. मायनं सूप बाजूला सारलं. ज्वारीचा भुसा लागलेला हात पदराला पुसला, माझं मनगट धरलं आणि बांगडीच्या आत दोन बोटं घालून पाहिली.

"अडीचच्याच घालतं तू अजून," ती म्हणाली.